बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर : डीबीटी, स्कीमा की एमबीटी?

गोदाकाठ
धाकट्या बहिणीला गेल्या पावसाळ्यात बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं (भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा व्यक्तिमत्त्व विकार) निदान झालं. त्याआधी डिप्रेशन, मग बायपोलर अशी दोन लेबलं लागून झाली होती, गोळ्याही बदलून झाल्या होत्या. आता सायकॅट्रिस्ट म्हणतात, गोळ्यांचा फार उपयोग नाही, थेरपी हवी. चौकशी केली तर एका ठिकाणी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) सांगितली, दुसऱ्या ठिकाणी स्कीमा थेरपी, आणि मुंबईच्या एका बाईंनी फोनवर एमबीटी (मेंटलायझेशन-बेस्ड थेरपी). ज्याचं त्याचं म्हणणं, यासाठी हीच उत्तम. नेटवर वाचायला बसलं की सगळ्या सारख्याच वाटतात.

बहीण नोकरी सोडून घरी आहे. माणूस आवडला की जीव ओवाळून टाकेल, आणि त्याने एक फोन उचलला नाही की तो वैरी. स्वतःला इजा करण्याचे प्रकारही झाले आहेत, सध्या बऱ्याच दिवसांत नाहीत. तिला विचारूनच धागा काढतोय आणि ती वाचणार आहे. 'जपून लिहा, पण गोड गोड लिहू नका' असा तिचा निरोप आहे.

या थेरप्यांत खरा फरक काय, आणि नाशिकसारख्या गावात राहून निवड कशी करायची? 'लग्न करून द्या, आपोआप सुधारेल' हा सल्ला नातेवाइकांकडून मिळून झालाय, तो परत नको.

रानवारा
वाचतेय. वाचनखूण साठवली.

अण्णा_सातारकर
आपल्याकडे इतकी वर्षं विवेकनिष्ठ मानसोपचार (आरईबीटी) आहे की. अल्बर्ट एलिसची ही पद्धत कि. मो. फडक्यांनी मराठीत आणली आणि रुजवली, ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत आजही ती भाषा ऐकायला मिळते. 'असं झालंच पाहिजे' हा हट्टी विचार पकडायचा, त्याला उलटतपासणीला उभं करायचं, भावना निवळते. मी स्वतः रागासाठी केलंय, फायदा झालाय. मग ही तीन-तीन अक्षरांची नवी दुकानं कशाला? आतला माल एकच असणार.

सायकलवाली
मी नेदरलँड्समध्ये एका मानसोपचार केंद्रात काम करते, व्यक्तिमत्त्व विकारांच्याच विभागात. अण्णा, तुमच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण डीबीटी जन्माला आली ती त्यातूनच.

मार्शा लिनेहन सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सतत आत्महत्येचे विचार येणाऱ्या बायकांवर नेहमीचे वर्तनोपचार करत होत्या. अडचण शोधा, बदल करा, पुढे चला. बायका भडकायच्या किंवा येणंच सोडायच्या. 'हे बदलू या' म्हटलं की त्यांना ऐकू यायचं, 'चूक तुझीच'. मग लिनेहन यांनी नुसतं समजून घ्यायचं ठरवलं, तर उलटी तक्रार: माझा जीव चाललाय आणि तुम्ही नुसत्या माना डोलावताय? शेवटी त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच तासात बसवल्या. तुझं दुखणं खरं आहे, आणि तरीही तुला वेगळं वागायला शिकावं लागेल. नावातलं डायलेक्टिकल ते हेच. २०११ साली लिनेहन यांनी हार्टफर्डमध्ये जाहीर केलं की त्या स्वतः याच वाटेवरून आल्या आहेत. ज्या संस्थेत त्या सतरा वर्षांच्या असताना दाखल होत्या, तिथेच उभं राहून.

तेव्हा आरईबीटीत खोट नाही, पण जिला लहानपणापासून 'तुला उगाचच वाटतं' ऐकवलं गेलंय तिला पहिल्याच भेटीत 'तुझा विचार अविवेकी आहे' म्हटलं, तर ती पुन्हा येणार नाही.

पूर्ण डीबीटी म्हणजे चार गोष्टी एकत्र: आठवड्याला एकदा थेरपिस्टसोबत तास, दोन-अडीच तासांचा कौशल्यांचा वर्ग, मधल्या दिवसांत अडल्यास थेरपिस्टला फोन, आणि थेरपिस्ट लोकांची आपापसातली साप्ताहिक बैठक. ही शेवटची गोष्ट पेशंटला दिसत नाही, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची, कारण या कामात थेरपिस्टही घाबरतो, चिडतो, दमतो, आणि त्याला कुणीतरी जमिनीवर ठेवावं लागतं. वर्गात सजगता, त्रास सोसणं, भावना हाताळणं आणि नात्यात आपलं म्हणणं मांडणं शिकवतात. रोज डायरी कार्ड भरायचं. काही विपरीत घडलं की 'चेन अ‍ॅनालिसिस': सकाळी झोप किती झाली होती इथपासून त्या क्षणापर्यंतची एकेक कडी उलगडायची, आणि कुठली तोडता आली असती ते बघायचं.

एमबीटी लंडनची, अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांची. माझ्या मनात काय चाललंय आणि समोरच्याच्या मनात काय असेल, हे ताडण्याची शक्ती आपली सगळ्यांचीच डोकं तापल्यावर जाते. बॉर्डरलाइनमध्ये जवळच्या नात्यात ती फार लवकर जाते. गोदाकाठ, तुम्ही फोनचं लिहिलंत ते अगदी हेच. 'त्याने फोन उचलला नाही' आणि 'त्याला मी नकोय' यांत फटच उरत नाही. एमबीटीवाला सल्ला देत नाही, अर्थही लावून देत नाही. तो म्हणतो, थांब, मला कळलं नाही, फोन वाजत होता तिथपासून सांग. ऐकायला बावळटपणा वाटतो, पण मुद्दाम केलेला असतो.

आणखी एक आहे, टीएफपी (ट्रान्सफरन्स-फोकस्ड सायकोथेरपी). ती ऑटो केर्नबर्ग यांची, न्यूयॉर्कची, मनोविश्लेषणाच्या घराण्यातली. आठवड्यातून दोनदा, सुरुवातीलाच कडक करार, आणि तुमचं थेरपिस्टशी जे नातं तयार होतं त्यावरच काम. आज मी देव, उद्या मी राक्षस, असं का? आपल्याकडे ती रीतसर शिकलेले फार थोडे सापडतील, म्हणून पुढे जाते.

स्कीमा थेरपी जेफ्री यंग यांची. कॉग्निटिव्ह थेरपी जिथे थिटी पडली तिथून ते निघाले. माणसाच्या आत वेगवेगळे 'मोड' असतात असं त्या पद्धतीत मानतात: एकटं पडलेलं मूल, चिडलेलं मूल, शिक्षा करणारा आवाज, आणि काहीच जाणवू नये म्हणून दगड होणारा रक्षक. थेरपिस्ट मर्यादेत राहून थोडंफार पालकत्व करतो, रिकाम्या खुर्चीत त्या आवाजाला बसवून त्याच्याशी भांडायला लावतो, लहानपणीचे प्रसंग डोळे मिटून पुन्हा बघायला लावतो आणि त्यांचा शेवट बदलतो. दूध उतू जाताना गॅस बंद कसा करायचा हे डीबीटी आधी शिकवते. आच मुळात एवढी मोठी कुणी ठेवली, याच्या मागे स्कीमा थेरपी लागते.

रानवारा
सायकलवाली, दंडवत घ्या. आमच्या ऑफिसात एकीला हेच निदान आहे आणि आम्ही सगळे तिला 'नाटकी' म्हणत होतो. आता कसंतरीच होतंय.

आकडेमोड
वर्णनं छान आहेत, पण निकालांचं काय? मला जे महत्त्वाचे वाटतात तेच देतो.

१९९१ मध्ये लिनेहन यांची पहिली चाचणी आली. नेहमीच्या उपचारांपेक्षा डीबीटीत स्वतःला इजा करणं कमी झालं, बायका थेरपीत टिकल्या, इस्पितळातले दिवस घटले. निराशा मात्र दुसऱ्या गटापेक्षा जास्त घटली नाही, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही. २००६ मध्ये १०१ बायकांवर पुन्हा चाचणी झाली. या वेळी समोर त्या भागातले नावाजलेले थेरपिस्ट होते. तरी डीबीटी गटात आत्महत्येचे प्रयत्न सुमारे निम्मे.

एमबीटीचा आठ वर्षांनंतरचा पाठपुरावा २००८ मध्ये छापून आला. पेशंट ४१ च, पण फरक डोळ्यांत भरणारा: एमबीटी गटातले १३ टक्के अजून निदानाच्या निकषांत बसत होते, नेहमीच्या उपचारांच्या गटातले ८७ टक्के. तरीही एमबीटी गटाचंही सामाजिक आयुष्य कच्चंच राहिलं होतं.

स्कीमा विरुद्ध टीएफपी हा सामना नेदरलँड्समध्ये तीन वर्षं चालला, निकाल २००६ मध्ये. स्कीमात सुमारे ४५ टक्के पूर्ण बरे, टीएफपीत २४. मध्येच सोडून जाणारेही स्कीमात कमी. टीएफपीवाल्यांनी लगेच आक्षेप घेतला की तिथे आमची थेरपी नीट दिलीच गेली नव्हती. आणि न्यूयॉर्कमध्ये केर्नबर्ग यांच्याच चमूने २००७ मध्ये ९० पेशंटवर डीबीटी, टीएफपी आणि साधी आधार देणारी थेरपी यांची तुलना केली, तर तिन्ही गट सुधारले आणि सर्वाधिक बाबतींत सुधारणा कुठे? टीएफपीत. ज्याचं घर त्याचा विजय, असा संशय मला येतो.

म्हणून माझ्या लेखी सगळ्यांत बोलका अभ्यास टोरांटोचा, २००९. १८० पेशंट, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एकीकडे पूर्ण डीबीटी, दुसरीकडे 'जनरल सायकिअ‍ॅट्रिक मॅनेजमेंट', म्हणजे आठवड्यातून एकदा अनुभवी माणसाशी नीट आखलेली भेट. वर्षाने दोन्ही गट चांगले सुधारले, आणि फरक निघाला नाही. दोन वर्षांनी पाहिलं तरी नाही. २०२० च्या कॉक्रन आढाव्यात (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) ७५ चाचण्या आणि ४,५०७ लोक आहेत. थेरपी नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस, हे बऱ्यापैकी दिसतं. या थेरपीपेक्षा ती थेरपी सरस, हे मात्र स्पष्ट नाही.

दुबळ्या प्रतिस्पर्ध्यासमोर सगळेच पैलवान जिंकतात.

अण्णा_सातारकर
म्हणजे आतला माल एकच, हे मी म्हणालो ते खरंच ठरलं ना!

आकडेमोड
अर्धंच. निकाल सारखा आला म्हणजे माल सारखा, असं होत नाही. आणि यातली प्रत्येक पद्धत बॉर्डरलाइनसाठी मुद्दाम घडवलेली किंवा बदललेली आहे. रागासाठी शिकलेलं तंत्र जसंच्या तसं इथे लावून चालेल, असं या आकड्यांत कुठेच नाही.

पारवा
मला हे निदान आहे, म्हणून आतल्या बाजूने लिहिते. मी डीबीटीचा ऑनलाइन वर्ग केला आणि सोबत एक वेगळी थेरपिस्ट होती. सुरुवातीला डायरी कार्डाचा भयंकर राग यायचा. शाळेची वही तपासून घेतल्यासारखं वाटायचं आणि मी रविवारी रात्री बसून सगळा आठवडा खोटा भरायचे. थेरपिस्टला कळलं, पण ती रागावली नाही. खोटं भरताना काय वाटत होतं, एवढंच विचारलं. त्या दिवसापासून थेरपी सुरू झाली असं मी मानते.

काय उपयोगी पडलं? गार पाण्यात चेहरा बुडवणं. हसू नका. डोकं पूर्ण गेलेलं असताना कुठलाही विचार कामाचा नसतो, शरीराला खाली आणावं लागतं. (हृदयाचा त्रास किंवा खाण्याचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) दुसरं म्हणजे मेसेज पाठवण्याआधी थांबणं. यात काही आध्यात्मिक नाही, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

काय पडलं नाही? आतली पोकळी. डीबीटीने मी वाचले, पण 'मी कोण' हा प्रश्न तसाच राहिला. तो आता स्कीमामध्ये हलतोय. म्हणून माझ्या मते आधी आग विझवणारी थेरपी आणि मग खोदणारी, या क्रमात अर्थ आहे.

अवांतर: सजगता म्हणजे विपश्यनाच ना, म्हणून घरच्यांनी मला इगतपुरीला पाठवायचा घाट घातला होता. डीबीटीतली सजगता दोन-तीन मिनिटांची असते, डोळे उघडे ठेवून आणि कुणीतरी सोबत असताना. दहा दिवसांचं मौन ही वेगळी गोष्ट आहे, आणि गंभीर मानसिक त्रास असेल तर आधी सांगा असं तिथले लोकच म्हणतात.

वॉर्डबॉय
नाव गमतीचं आहे, मी जिल्ह्याच्या ठिकाणी सायकॅट्रिस्ट आहे.

गोळ्यांबद्दल आधी. बॉर्डरलाइनसाठी मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. लॅमोट्रिजिन या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावर बरीच आशा होती. ब्रिटनमध्ये २७६ जणांवर चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला, औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा काही फायदा नाही. सोबत डिप्रेशन वगैरे असेल तर औषध लागतं. तेव्हा हा धागा वाचून कुणी गोळ्या परस्पर बंद करू नका. बायपोलर समजून वर्षानुवर्षं औषधं चालू असलेल्या मुली मी पाहतो. बायपोलरमध्ये मूड दिवसचे दिवस, आठवडे टिकतो, इथे एका मेसेजने तासाभरात पालटतो. हे विचारायला ओपीडीत वेळ लागतो, आणि तो नसतो.

आकडेमोड यांनी टोरांटोचा उल्लेख केला ते फार बरं झालं. त्यातली ती 'साधी' पद्धत बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयाचे जॉन गंडरसन यांच्या विचारांवर उभी आहे, आणि माझ्यासारख्याला झेपते तीच. पेशंटला निदान स्पष्ट सांगायचं, लपवायचं नाही. नात्यातली ठेच लागली की लक्षणं उसळतात, हे सूत्र दोघांनी मिळून तपासत राहायचं. आणि थेरपीबाहेरच्या आयुष्याला महत्त्व द्यायचं: आधी काम, प्रेम नंतर. बहीण नोकरी सोडून घरी आहे हे वाचून मला थेरपीच्या नावापेक्षा त्याची चिंता जास्त वाटली. अर्धवेळ, शिकवणी, काहीही चालेल.

आणि एक, ती वाचणार आहे म्हणून. मॅक्लीनच्याच मेरी झनारिनी यांनी २९० पेशंटचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. दहा वर्षांत ९३ टक्क्यांची लक्षणं ओसरली आणि किमान दोन वर्षं तशीच ओसरलेली राहिली. मात्र लक्षणं जाऊन शिवाय नाती आणि कामही जागेवर, असे निम्मेच. ही उरलेली दरी भरायची तर नोकरी हवी.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. एक अडलंय. डीबीटीत 'भावना नाकारणारं वातावरण' असं काहीतरी कारण सांगतात, ते आईने वाचलं आणि दोन दिवस जेवली नाही. म्हणजे आम्हीच केलं का हे?

अण्णा_सातारकर
तेच म्हणतो. या सगळ्या पद्धती शेवटी आईबापांच्या डोक्यावर खापर फोडतात. आमच्या पिढीने काय मुलं वाढवली नाहीत?

सायकलवाली
अण्णा, खापर नाही. लिनेहन यांचं म्हणणं दोन पायांवर उभं आहे. काही मुलं जन्मतःच भावनेला हळवी असतात: लवकर लागतं, जोरात लागतं, उतरायला वेळ लागतो. अशा मुलाला साध्यासुध्या घरातलं 'एवढं काय त्यात' सुद्धा झोंबतं. मूल आणखी ओरडतं, घर आणखी दटावतं, आणि दोघं एकमेकांना वाढवत नेतात. काही घरांत खरोखर अत्याचार झालेला असतो, हेही खरं. पण प्रत्येक घरात नाही. काकूंना सांगा, भावाबहिणींपैकी एकालाच का झालं याचं उत्तर यातच आहे.

घरच्यांनी काय करायचं हे जास्त कामाचं. ती म्हणाली, 'सगळे मला सोडून जातात.' आपण लगेच म्हणतो, 'असं काही नाही गं, आम्ही आहोत ना.' हेतू चांगला, पण तिला ऐकू येतं, माझं वाटणं खोटं. त्याऐवजी, 'मैत्रिणीने दिवसभर उत्तर दिलं नाही, म्हणजे पोटात गोळा येणारच. मीही अस्वस्थ झालो असतो.' बस. इथे थांबायचं. मैत्रीण वाईट आहे हे मान्य केलं नाही, तिची भावना मात्र मान्य केली. आणि ती ओरडत असताना मागण्या पुरवायच्या नाहीत, शांत झाल्यावर बोलू म्हणून खोलीबाहेर जायचं, पण सांगून जायचं. कुटुंबांसाठी फॅमिली कनेक्शन्स नावाचा बारा आठवड्यांचा मोफत अभ्यासक्रम आहे, ऑनलाइनही होतो. आईला त्यात बसवा.

पारवा
'सांगून जायचं' याला +१००. न सांगता गेलेलं माणूस आमच्या डोक्यात कायमचं गेलेलं असतं.

गोदाकाठ
आईला वाचून दाखवलं. जेवली. आता खरा पेच: नाशिकमध्ये स्कीमा करणाऱ्या एक बाई आहेत, समोरासमोर, आठवड्याला एकदा. दुसरीकडे ऑनलाइन डीबीटी, वर्ग आणि वैयक्तिक दोन्ही, पण खर्च जवळजवळ दुप्पट आणि वर्षभराचा.

पारवा
इजेचा इतिहास असेल तर डीबीटी. खर्चासाठी कर्ज काढलं तरी चालेल.

वॉर्डबॉय
कर्ज काढून पाचव्या महिन्यात थेरपी तुटली तर? मला ते जास्त धोक्याचं वाटतं. टोरांटो-व्हँकुव्हरच्या २०२२ च्या अभ्यासात सहा महिन्यांची डीबीटी बारा महिन्यांच्या तोडीस तोड निघाली, पेशंट २४०. तेव्हा सहा महिन्यांचं करून देतात का ते विचारा. नाहीतर सरळ नाशिकच्या बाई. त्यांना भेटून चार गोष्टी विचारा: भारतीय पुनर्वास परिषदेची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी आहे का, बॉर्डरलाइनचे पेशंट मुद्दाम घेतात की नाइलाजाने, अडचणीच्या रात्री काय करायचं याची योजना पहिल्याच भेटीत लिहून देतात का, आणि त्यांच्या कामावर देखरेख करणारं कुणी आहे का. शेवटच्या प्रश्नावर त्या चिडल्या तर उठून या. विम्याचंही बघा. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा आहे, पण ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत मुळातच नसतो.

सायकलवाली
फोनच्या सोयीवरून निर्णय करू नका. इथे स्कीमा थेरपीत ६२ पेशंटवर तपासलं होतं, २००९ मध्ये: निम्म्यांना थेरपिस्ट कामाच्या वेळेबाहेरही फोनवर उपलब्ध, निम्म्यांना नाही. निकालात फरक पडला नाही. आणि स्कीमा हा काही दुय्यम पर्याय नाही. २०२२ मध्ये पाच देशांतल्या ४९५ जणांचा अभ्यास आला, त्यात वैयक्तिक आणि गट दोन्ही मिळून दिलेली स्कीमा सर्वांत चांगली ठरली. नाशिकच्या बाईंसोबत डीबीटीचा फक्त कौशल्यवर्ग ऑनलाइन जोडता आला तर बघा, दोघी थेरपिस्ट एकमेकींशी बोलायला तयार असतील तरच. कुठलीही निवडलीत तरी दर दोन महिन्यांनी बदलू नका.

आणि रात्री-अपरात्री फारच झालं तर टेली-मानस, १४४१६, सरकारी आणि मोफत, मराठीत बोलतात.

अण्णा_सातारकर
गोदाकाठ, पहिला प्रतिसाद जरा जोरात लिहिला होता. बहिणीला आशीर्वाद सांगा. काम हवं असेल तर माझ्या ओळखीचा एक प्रकाशक घरून मुद्रितशोधन करून घेतो, व्यनि (खासगी निरोप) करतो.

गोदाकाठ
अण्णा, व्यनिची वाट बघतोय. बहिणीने सगळा धागा वाचला. नाशिकच्या बाईंना गुरुवारी भेटतोय, ते चार प्रश्न तीच विचारणार म्हणते. तिचा एक प्रश्न पारवा यांना आहे: कौशल्यांच्या वर्गात मराठीत बोललेलं चालतं का? इंग्रजीत तिला रडूच येत नाही म्हणे.

पारवा
कागद सगळे इंग्रजीत असतात. आमच्या वर्गात बोलायला हिंदी-इंग्रजी होतं, मी मध्येच मराठीत घसरायचे आणि शिकवणारीला कळायचं. नुसता मराठी वर्ग आहे का ते आमच्या बाईंना विचारते. तिला सांग, डायरी कार्ड मी मराठीत भरायचे, कुणी हरकत घेतली नाही.